जिंकली मुलं, मिरवली शाळा

तारीख ९ नोव्हेंबर १९१२. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी, वेस्ट पॉइंटला, अमेरिकी लष्कराची अकादमी आहे. त्या दिवशी तिथल्या मैदानावर एका बाजूला उद्याचे लष्करी अधिकारी उभे होते आणि समोर कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलची मुलं. ज्यांना आपण अजूनही सवयीनं ‘रेड इंडियन’ म्हणतो, त्या मूलनिवासी जमातींची ही मुलं. वूंडेड नी इथं अमेरिकी घोडदळानं अडीचशेहून अधिक लाकोटा माणसं, बायका, पोरं मारली, त्याला अजून बावीस वर्षंही झाली नव्हती. सामन्याआधी प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी मुलांना याच इतिहासाची आठवण करून दिली, असं सांगतात.

खेळ होता अमेरिकी फुटबॉलचा. नावच काय ते सारखं. आपल्या फुटबॉलशी त्याचा फारसा संबंध नाही. चेंडू काखेत घट्ट धरून धावायचं आणि समोरच्यानं अंगावर झेपावून पाडायचं, असा हा अंगमेहनतीचा आणि धोक्याचा खेळ. १९०५ च्या एका हंगामात या खेळानं १८ जीव घेतल्याचं तिथल्या वृत्तपत्रांनी मोजलं होतं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या विद्यापीठांची माणसं व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज द्यावी लागली, आणि पुढच्या वर्षी चेंडू पुढं फेकायची परवानगी मिळाली. नुसत्या रेटारेटीपेक्षा वेगाला आणि डोक्याला त्यामुळं किंमत आली. कार्लाइलची मुलं अंगानं लहान, पण पायानं चपळ. बदललेला खेळ त्यांना मानवला. १९१२ मध्ये नियम पुन्हा बदलले: मैदान ११० यार्डांचं १०० वर आलं, टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याला, पाचाऐवजी सहा गुण झाले आणि दहा यार्ड पुढं सरकायला तीनाऐवजी चार प्रयत्न मिळू लागले.

त्या दिवशी पहिले सहा गुण लष्करानं घेतले. मध्यंतराला कार्लाइल ७–६ असं एका गुणानं पुढं होतं. त्यानंतर लष्कराचा धिप्पाड कर्णधार लीलंड डिव्होर यानं कार्लाइलच्या जो गायन या ओजिब्वे जमातीच्या मुलावर राग काढला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर घालवलं. मग कार्लाइलला कुणी अडवू शकलं नाही. अ‍ॅलेक्स आर्कासानं तीन टचडाउन केले, जिम थॉर्प पाच-पाच जणांच्या अंगावरून निघून जात होता. शेवट २७–६. लष्कराच्या संघात थॉर्पला रोखायला धडपडणारा एक कॅडेट होता ड्वाइट आयझेनहॉवर. पुढं तो दुसऱ्या महायुद्धात सेनापती झाला, राष्ट्राध्यक्ष झाला, आणि म्हातारपणीही थॉर्पचं नाव आदरानं घेत राहिला.

हा सामना मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. ज्यांच्या आजोबांच्या जमिनी लष्करानं घेतल्या, त्यांच्या नातवांनी लष्कराला त्याच्याच अंगणात लोळवलं! यापेक्षा सुंदर काव्यगत न्याय कुठला? पुढची काही वर्षं मी ही गोष्ट ज्याला त्याला अशीच सांगत आलो. आज ती तशी सांगणं मला चुकीचं वाटतं. सामना खोटा नाही, त्यातला पराक्रम तर अजिबात खोटा नाही. पण अशा रीतीनं सांगितली की ही गोष्ट त्या शाळेची जाहिरात होते. आणि शाळेला तेच हवं होतं.

ही शाळा म्हणजे काय होतं, ते बघू. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी लष्कराच्या जुन्या बराकी होत्या. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं तिथं शाळा काढली. दूरदूरच्या वस्त्यांवरून आगगाडीनं मुलं आणायची, केस कापायचे, गणवेश चढवायचा, बिगुलावर उठवायचं, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, धुणं, शिवण. स्वतःची भाषा बोलायची नाही, बोललात तर शिक्षा. पहिल्या तुकडीतल्या लुथर स्टँडिंग बेअर या लाकोटा मुलानं पुढं लिहून ठेवलंय की फळ्यावर काही खुणा काढल्या होत्या, त्या वाचता येत नव्हत्या, हातात छडी दिली आणि त्यातली एक दाखवायला सांगितली. त्यानं दाखवली. ते त्याचं नवं नाव झालं. मूल आपलं नाव बोटाच्या एका खुणेसरशी गमावतं, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उन्हाळ्यात मुलांना घरी न पाठवता गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला धाडायची पद्धतही याच शाळेची. प्रॅटनं १८९२ च्या भाषणात आपलं धोरण उघड सांगितलं: त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा. हे तो कठोरपणानं म्हणत होता असंही नाही. आपण या मुलांचं भलं करतोय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मला त्या वाक्यापेक्षा त्या प्रामाणिकपणाची जास्त भीती वाटते.

अशा शाळेला पैसा लागतो, आणि पैशासाठी पुरावा लागतो. प्रॅटचा पहिला पुरावा होता फोटो. जॉन चोट नावाच्या स्थानिक छायाचित्रकाराकडून तो मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो काढून घेई. टॉम टॉर्लिनो या नवाहो तरुणाची जोडी सगळ्यात प्रसिद्ध आहे. १८८२ च्या फोटोत मोकळे लांब केस, कपाळाला पट्टी, कानात डूल, गळ्यात माळा, नजर थेट. १८८५ च्या फोटोत सूट, टाय, नीट पाडलेला भांग, आणि चक्क उजळ झालेला रंग! उजेडाची मांडणी बदलली की चेहरा गोरा दिसतो. पण वॉशिंग्टनमध्ये बसून शाळेला पैसे मंजूर करणाऱ्यांना काय दिसलं असेल? तीन वर्षांत शाळेनं माणूस बदलून दाखवला.

फुटबॉल हा त्याच मालिकेतला पुढचा फोटो होता.

प्रॅटला सुरुवातीला हा खेळ नको होता. एका मुलाचा पाय मोडला म्हणून त्यानं तो बंदही केला होता. मग मुलांनीच शिष्टमंडळ नेऊन गळ घातली. प्रॅटनं दोन अटींवर परवानगी दिली: समोरच्यानं गुद्दे मारले तरी तुम्ही हात उचलायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सगळ्यात बलाढ्य संघाला हरवून दाखवायचं. पहिली अट नीट वाचा. गोऱ्या मुलानं मारामारी केली तर तो तापट, मूलनिवासी मुलानं केली तर तो रानटी. प्रॅटला समाजाची ही नजर ठाऊक होती, म्हणून मार खाऊन गप्प राहायचं ओझं त्यानं मुलांच्याच खांद्यावर टाकलं. आपल्याकडे दलित-आदिवासी घरातलं पहिलं पोर कॉलेजात जातं तेव्हा आई सांगते, ‘कुणाच्या तोंडी लागू नकोस, आपलं नाव खराब होईल.’ या उपदेशामागची भीती ज्यानं घरात ऐकलीय, त्याला प्रॅटची अट समजावून सांगावी लागणार नाही.

मुलांनी दुसरी अट पाळली, तीही थाटात. १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६–६ आणि हार्वर्डला २३–१५ असं हरवलं. १९११ मध्ये हार्वर्डच्याच मैदानावर १८–१५. त्या दिवशी थॉर्पनं दुखऱ्या पायानं चार फील्ड गोल मारले, म्हणजे चार वेळा लाथेनं चेंडू खांबांमधून पार केला. त्या वर्षीच्या संघाचा फोटो आहे. मधल्या चेंडूवर रंगानं लिहिलंय, ‘१९११, इंडियन्स १८, हार्वर्ड १५’. आणि १९१२ चा हंगाम तर काय सांगावा! चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. पिट्सबर्गविरुद्ध ४५–८, सिरॅक्यूजविरुद्ध ३३–०, व्हिलानोव्हाविरुद्ध ६५–०. सगळ्या हंगामात ५०४ गुण केले, फक्त ११४ दिले. वेस्ट पॉइंटनंतर आठवड्याभरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४–२६ अशी एकुलती एक हार. शेवटी ब्राउन विद्यापीठाला ३२–० नमवून हंगाम संपला. त्याच उन्हाळ्यात थॉर्प स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींची सुवर्णपदकं जिंकून आला होता, हे विसरू नये.

आता या आकड्यांमागची व्यवस्था पाहा. कार्लाइल खऱ्या अर्थानं कॉलेज नव्हतंच. तिथलं शिक्षण फार तर आपल्या आठवी-दहावीपर्यंतचं. खेळाडू मात्र बरेचसे विशीतले तरुण, आणि समोर देशातली सर्वांत श्रीमंत विद्यापीठं. सामने बहुतेक परगावी, कारण गर्दी आणि पैसा मोठ्या शहरांत. संघ हंगामभर आगगाडीतच असे. तिकिटांचा वाटा शाळेच्या क्रीडानिधीत जाई. सरकारी शाळेचा हा निधी सरकारी हिशेबाच्या बाहेर होता आणि तो शाळेचे प्रमुख मोझेस फ्रीडमन आणि वॉर्नर यांच्या हातात होता. मुलं धावत होती, पैसे येत होते, आणि ज्यांच्या पायांवर ते येत होते त्यांनी हिशेब विचारायचा नव्हता.

पण त्यांनी विचारला. माझ्या मते कार्लाइलच्या फुटबॉलमधला सगळ्यात मोठा क्षण हाच. वेस्ट पॉइंटच्या सामन्यात सूत्रं हलवणारा क्वार्टरबॅक होता गस वेल्च, विस्कॉन्सिनचा ओजिब्वे मुलगा. त्यानं पुढाकार घेतला आणि दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या करून शाळेच्या कारभाराची चौकशी मागितली. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसची समिती कार्लाइलला आली. मुलांनी साक्षी दिल्या. जेवण अपुरं. बॅण्डमास्तरानं एका विद्यार्थिनीला फळीनं मारलेलं. वॉर्नर शिवीगाळ करतो, खेळाडूंवर हात टाकतो. क्रीडानिधीतून वर्तमानपत्रांत शाळेचं कौतुक छापून आणायलाही पैसे गेलेले. फ्रीडमनला पद सोडावं लागलं. वॉर्नर तो हंगाम संपवून पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि पुढं अमेरिकेतला थोर प्रशिक्षक म्हणून गौरवला गेला. त्याच्या नावानं आजही तिथं लहान मुलांची फुटबॉल लीग चालते. ज्यानं धाडस करून सही केली त्या वेल्चचं नाव किती जणांना माहीत आहे?

थॉर्पचं काय झालं ते तर जगजाहीर आहे. जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली की १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात तो नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी, म्हणजे खेळाचे पैसे न घेणाऱ्या, खेळाडूंसाठी होतं. कॉलेजची कितीतरी मुलं असं खेळत, फक्त खोट्या नावानं. थॉर्प खऱ्या नावानं खेळला. ऑलिंपिकच्या नियमांप्रमाणे हरकत ३० दिवसांत घ्यायला हवी होती. इथं सहा महिने होऊन गेले होते. तरी पदकं गेली, विक्रम पुसले गेले. वॉर्नर आणि फ्रीडमन दोघांनी कानांवर हात ठेवले. थॉर्पच्या सहीचं एक पत्र गेलं. त्यात लिहिलं होतं, मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा, मला या गोष्टी कळत नव्हत्या. पत्राची भाषा त्याची वाटत नाही, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. विचार करा: सहा महिन्यांपूर्वी तो शाळेचा मुकुटमणी होता, शाळेनं घडवलेला ‘सुधारलेला’ माणूस. संस्थेच्या अंगाशी येताच तोच एका रात्रीत अडाणी पोर झाला. पदकं त्याला एकट्याला, निर्विवादपणे, परत मिळायला जुलै २०२२ उजाडलं. तो १९५३ मध्येच गेला होता.

मला एक आक्षेप ऐकू येतोय, आणि तो हलका नाही. ‘या मुलांना खेळात आनंद मिळाला, मान मिळाला. गोऱ्यांच्या बरोबरीनं उभं राहायची जागा मिळाली. ते स्वतः आयुष्यभर अभिमानानं ती आठवण सांगत राहिले. तुम्ही आज शंभर वर्षांनी त्यांचा आनंद हिरावून घेताय.’ नाही, तो आनंद मला हिरावायचा नाही. खेळ त्यांनी मागून घेतला होता, नंतर तो इतका आपला करून टाकला की अमेरिकी फुटबॉलचं रूप बदललं. चकवे, फसव्या चाली, लांब फेक या गोष्टींना त्या संघानं धार दिली. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध चेंडू एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे लपवून त्यांनी टचडाउन केला, तेव्हा हार्वर्डची पोरं चेंडू शोधत मैदानभर फिरत होती. हे डोकं कुणी शाळेत शिकवून येत नाही. म्हणूनच माझा मुद्दा आहे: अभिमान मुलांच्या खात्यावर मांडा. शाळेच्या खात्यावर मांडायला वेगळ्या नोंदी आहेत. ३९ वर्षांत तिथं आठ-दहा हजार मुलं आणली गेली. त्यातली थोडीच पदवीपर्यंत पोचली. क्षयरोग आणि तापानं मुलं मरत राहिली. आवारातल्या दफनभूमीत १८० हून अधिक थडगी होती. दोन्ही नोंदी एकाच शाळेच्या, पण एकीनं दुसरी फिटत नाही. ५०४ गुणांतून एकाही थडग्याची वजाबाकी होत नाही.

हा हिशेब फक्त अमेरिकेचा आहे असं मला वाटत नाही, आणि आपलं नाव घेतल्याशिवाय हा लेख मला पुरा करता येणार नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं, त्यात एक मुलगी. बातमी वाचून मी उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आजही वाजवीन. आश्रमशाळा म्हणजे कार्लाइल नव्हे, हे स्पष्ट सांगतो. आपल्याकडे आईबाप स्वतः मूल आणून सोडतात, दिवाळीला आणि मेमध्ये मूल घरी जातं, आणि त्या शाळेच्या मागं राज्यघटनेनं दिलेलं वचन आहे. पण गोंडी किंवा कोरकू बोलणारं सहा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी वर्गात बसतं तेव्हा समोरचे शब्द त्याच्यासाठी फळ्यावरच्या खुणाच असतात. आश्रमशाळांतले मुलांचे मृत्यू, सर्पदंश, अपुऱ्या न्हाणीघरांचे प्रश्न विधानसभेत दर काही अधिवेशनांनी येतात. एव्हरेस्टचा फोटो त्या प्रश्नांचं उत्तर म्हणून भिंतीवर लागता कामा नये. ज्या दिवशी तो तसा लागेल, त्या दिवशी आपणही ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो काढायला लागलो असं समजावं.

माझी मागणी साधी आहे. निवासी शाळेची, मग ती कुणाचीही असो, तपासणी करताना पदकांचं कपाट सगळ्यात शेवटी उघडावं. आधी आजारपणाची वही बघावी, स्वयंपाकघरात जावं, रात्री मुलींच्या वसतिगृहात कोण असतं ते विचारावं, आणि मुलाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारू शकणारं माणूस सोबत न्यावं. खेळातून संस्थेला पैसा किंवा नाव मिळत असेल तर त्याचा हिशेब खेळाडूंपुढे वाचला जावा. अमेरिकेत कॉलेजांना आपल्या खेळाडूंशी कमाई थेट वाटून घ्यायची मुभा न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीतून मिळाली, ती जून २०२५ मध्ये. वेल्चच्या सह्यांनंतर १११ वर्षांनी! इतका वेळ लागतो, कारण विजयाच्या गोंगाटात हिशेब मागणारा कृतघ्न ठरतो.

कार्लाइलची शाळा १९१८ मध्ये बंद झाली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी लष्कराला इस्पितळ हवं होतं. मुलं ज्या देशाचा खेळ खेळत होती त्यानं मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व दिलं १९२४ मध्ये. १९२७ मध्ये नवं बांधकाम करायचं म्हणून मुलांची थडगी उकरून आवाराच्या दुसऱ्या टोकाला हलवली. आज तिथं लष्कराचं वॉर कॉलेज आहे, आणि पांढऱ्या दगडांच्या रांगा रस्त्यावरून दिसतात.

२०१५ मध्ये साउथ डकोटातल्या रोझबड वस्तीवरची काही लाकोटा मुलंमुली वॉशिंग्टनच्या एका मेळाव्याहून परतताना कार्लाइलला थांबली. त्यांच्याच जमातीची नावं त्या दगडांवर होती, त्यांच्याच वयाची मुलं खाली होती. त्यांनी मोठ्यांना विचारलं, आपण यांना घरी का नेत नाही? मोठ्यांकडे उत्तर नव्हतं. मुलांनी प्रश्न सोडला नाही, लष्कराशी पत्रव्यवहार सुरू झाला, बैठका झाल्या. जुलै २०२१ मध्ये नऊ मुलांचे अवशेष घेऊन गाड्यांचा ताफा कार्लाइलहून पश्चिमेला निघाला. प्रश्न विचारणारी पोरं तोवर मोठी झाली होती.